‘कधीच गंजणार नाही’ म्हणून विकलेली सुरी आणि धारेवरची तपकिरी रेघ

साध्या पोलादाची मुलामा दिलेली सुरी ‘स्टेनलेस’ म्हणून विकण्याची फसवणूक उघडी पडते ती सुरी पहिल्यांदा पाजवल्यावर. तोवर पातं आरशासारखं लखलखत असतं, पाणी लागलं तरी डाग पडत नाही, घेणारा खूश असतो. मग धार बोथट होते, दगडावर दहा-वीस हात मारले जातात, सुरी धुऊन ठेवली जाते आणि सकाळी धारेच्या अगदी कडेला केसाएवढी तपकिरी रेघ दिसते. वरचं पातं तसंच चकचकीत. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं: “ओली ठेवलीत ना?” हे उत्तर अर्धं खरं आहे, म्हणून खपतं. कुठलीच सुरी ओली ठेवू नये. पण चांगल्या स्टेनलेसची धार साध्या पाण्याने एका रात्रीत टोकापासून मुठीपर्यंत गंजत नाही. तक्रार करणारा इथे ओशाळतो आणि ‘गंजरोधक’ द्रावणाची बाटली विकत घेऊन परततो. एकाच गिऱ्हाइकाला दोनदा टोपी घातली जाते ती अशी.

पातं असतं साध्या कार्बन पोलादाचं, त्यावर निकेलचा किंवा क्रोमचा पातळ मुलामा. सपाट भागावर तो टिकतो, धार काढताना खरवडला जातो. इथपर्यंत कुणालाही कळतं. कळत नाही ते पुढचं: असं पातं बिनमुलाम्याच्या पात्यापेक्षा धारेवर लवकर गंजतं. निकेल, क्रोम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना लागून असले की झीज लोखंडाच्या वाट्याला येते. त्यात मुलाम्याचं क्षेत्र मोठं आणि उघडं लोखंड केसाएवढं, त्यामुळे सगळी झीज त्या केसावर एकवटते. जस्ताचा मुलामा उलट वागतो, स्वतः झिजतो आणि लोखंडाला वाचवतो. पण तो सुरीला चालत नाही, आंबट लागलं की जस्त विरघळतं.

हे ओळखायला दगड लागत नाही. लावूही नका, कारण पाजवलेली सुरी परत घ्यायला बहुतेक विक्रेते तयार नसतात. मुलाम्याच्या पात्याला शेवटची धार बहुधा मुलाम्यानंतर काढतात, म्हणजे नव्या सुरीचीही धार उघडीच असते. तिला वाचवत असतं ते पॅकिंगच्या वेळी लावलेलं तेल. ते आधी काढा: कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, मग स्पिरिटमध्ये भिजवलेलं कापड, पुसण्याची दिशा पाठीकडून धारेकडे. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवा. टिश्यूची घडी त्यात भिजवून मुठीजवळच्या दोन सेंटिमीटर धारेवर दोन्ही बाजूंनी दुमडून बसवा आणि दोन तासांनी काढा. साधं कार्बन पोलाद असेल तर कागदावर तपकिरी रेघ उमटते. १३ टक्के किंवा जास्त क्रोमियमच्या, नीट पाणी दिलेल्या (तापवून झटकन थंड करून कडक केलेल्या) पात्यावरून कागद पांढरा निघतो. दोन तासांच्या पुढे मात्र ताणू नका. ओल्या कागदाखाली हवा पोचत नाही, आणि मीठ तसंच रात्रभर राहिलं तर चांगल्या स्टेनलेसवरही टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू शकतात. मग विक्रेत्याला आयतंच कारण मिळतं. चाचणी झाल्यावर साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा.

लोहचुंबकाच्या चाचणीवर विसंबू नका, ती दोन्हीकडून चकवते. चुंबक चिकटत नाही हे दाखवून ‘अस्सल स्टेनलेस’ म्हणून जे विकलं जातं ते सहसा ३०४ सारखं पोलाद असतं: साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. ते गंजत नाही हे खरं, पण पाणी देऊन कडकही होत नाही. धार येते आणि जाते. सुऱ्यांसाठी जी कडक होणारी स्टेनलेस पोलादं वापरतात त्यांना चुंबक चिकटतंच. आणि मुलामा दिलेल्या साध्या पोलादालाही चिकटतं. मग चाचणीने सांगितलं काय?

पेटीवरच्या शब्दांकडेही नीट बघा. युरोपीय मानकानुसार ‘स्टेनलेस’ म्हणजे किमान १०.५ टक्के क्रोमियम आणि जास्तीत जास्त १.२ टक्के कार्बन. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा थर बनवतं. ओरखडा पडला, पाजवलं, तरी हवा लागली की तो थर परत भरतो. मुलामा आणि स्टेनलेस यांत खरा फरक हाच. पण हे काम फक्त मोकळं क्रोमियम करतं. डी२ या पोलादात क्रोमियम सुमारे १२ टक्के असतं, म्हणून ते सर्रास ‘स्टेनलेस’ सांगून विकतात. त्यात कार्बनही सुमारे १.५ टक्के असतो, आणि तो बरंचसं क्रोमियम कार्बाइडच्या, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या कडक, कणांत बांधून टाकतो. उरलेलं क्रोमियम थर धरायला पुरत नाही. डी२ची धार उत्तम टिकते, त्याला नावं ठेवायचं कारण नाही, पण ओलं राहिलं की ठिपके येतात. नुसतं ‘४४०’ (हाही स्टेनलेसचा एक प्रकार) लिहिलेलं असेल तर पुढचं अक्षर विचारा. ए, बी, सी तिन्हींत क्रोमियम १६ ते १८ टक्के असतं. कार्बन मात्र एमध्ये ०.६० ते ०.७५, सीमध्ये ०.९५ ते १.२० टक्के, म्हणजे धार टिकण्यात मोठा फरक. ‘सर्जिकल स्टील’ हे कुठल्याच एका पोलादाचं नाव नाही. त्यावरून काहीही कळत नाही.

नक्षीच्या, म्हणजे दमास्कस म्हणून विकल्या जाणाऱ्या पात्यांत फसवणूक दोन प्रकारची. खरी नक्षी वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून येते. स्वस्त मालात लाटा लेझरने किंवा ॲसिडने वरवर काढलेल्या असतात. पाठीवर बघा: खऱ्या थरांच्या रेघा एका बाजूने चढून पाठीवरून दुसऱ्या बाजूला उतरतात, छापलेल्या कडेला थांबतात. पाजवलेल्या पट्टीवर नक्षी दिसत नाही म्हणून लगेच खोटी ठरवू नका, घासल्यावर खरी नक्षीही पुसट होते. फेरिक क्लोराइडचं पातळ द्रावण लावलं की खरी परत उमटते, छापलेली कायमची गेलेली असते. दुसरी फसवणूक खऱ्या नक्षीतली. १०९५ आणि १५एन२० ही पोलादं जोडून केलेलं पातं ‘निकेल आहे, गंजत नाही’ म्हणून विकतात. १५एन२०मध्ये निकेल जेमतेम २ टक्के. त्याने रेघ चमकते, गंज थांबत नाही. शिवाय नक्षी उठवल्यावर फेरिक क्लोराइड खाण्याच्या सोड्याने नीट मारलं (निष्प्रभ केलं) नसेल, तर काळ्या रेघांतून तपकिरी भुकटी पुन्हा पुन्हा वर येते. कितीही पुसा, चार दिवसांनी हजर. बाहेर स्टेनलेसचे थर आणि आत स्टेनलेसचीच धार अशी पातीही असतात, पण त्यांचा विक्रेता आतल्या पोलादाचं नाव सांगायला कचरत नाही.

आता विक्रेत्याच्या बाटल्यांकडे वळू, आधी गंज काढणारी. ‘दोन मिनिटांत गंज गायब’ म्हणणारं द्रावण बरेचदा हायड्रोक्लोरिक ॲसिडचं असतं. गंज खरंच जातो, पातं राखाडी-पांढरं होतं, दाखवणारा हसतो. पण क्लोराइड खड्ड्यांत आणि मुठीच्या सांध्यात राहतं, आणि उघडं झालेलं पोलाद काही तासांत केशरी पडतं. मग दुसरी बाटली. बाटली कपाटात ठेवली तर तिच्या वाफेने शेजारची हत्यारंही गंजतात, हे सहसा कुणी सांगत नाही. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर घेऊच नका. काही गंजनाशकांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा बायफ्लुओराइड असतं, आणि त्याचा चटका लगेच न जाणवता खोल जातो. टॅनिक किंवा फॉस्फरिक ॲसिडचं ‘कन्व्हर्टर’ वेगळं. ते गंजाला काळा थर बनवतं, पण तो रंगाखाली घ्यायचा असतो. धारेला त्याचा उपयोग नाही.

घरी करायचं असेल तर सायट्रिक ॲसिड पुरतं: १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम. फक्त पातं बुडवा, मूठ बाहेर. दर दहा मिनिटांनी बघायचं, अर्ध्या तासाच्या पुढे न्यायचं नाही. सुटलेला गंज प्लॅस्टिकच्या घासणीने काढा. लोखंडी तारेची घासणी स्टेनलेसवर कधीच नको: तिचे कण पात्यात रुततात आणि तेच गंजतात. मग १ लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून त्यात बुडवा, धुवा, पुसा, गरम हवेने सांधे सुकवा आणि लगेच तेल लावा. ‘लगेच’ म्हणजे खरोखर लगेच, चहा पिऊन झाल्यावर नव्हे. कार्बन पोलाद यात राखाडी पडतं. नक्षीचं पातं तर यात घालूच नका, नक्षीचा रंग बदलतो.

‘नॅनो’, ‘सिरॅमिक’, ‘कायमचं कोटिंग’ यांचं प्रात्यक्षिक एकच असतं, पात्यावर पाण्याचे मणी. कुठलंही मेण मणी दाखवतं. त्याच पात्याने जाड पुठ्ठा वीस वेळा कापा आणि मग धारेवर मणी राहतात का ते बघा. मिठाच्या फवाऱ्यात ‘इतके तास टिकलं’ असा दाखला देतात तोही तपासून घ्या. ती चाचणी ५ टक्के मिठाच्या धुक्यात ३५ अंश सेल्सिअसला होते, आणि लेप तपासताना बहुधा सपाट पत्रा ठेवतात, पाजवलेली धार नव्हे. साबणाने धुतल्यावर उतरणारं ‘कायमचं’ द्रावण म्हणजे महाग तेल. त्याऐवजी खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल घ्या. २० सेंटिमीटर पात्याला एका बाजूला दोन-तीन थेंब, आणि कापडाने इतकं पुसायचं की बोट लावल्यावर फक्त ओशट लागेल. स्वयंपाकाचं तेल नको, ते हवेत चिकट होतं. सोबत मिळालेलं चामड्याचं म्यान नेण्या-आणण्यापुरतं. ते ओल आणि क्षार धरून ठेवतं, सुरी त्यात साठवायची नसते.

धार लावून देणाऱ्याकडूनही गंज येतो, आणि दोष सुरीवर जातो. ज्या साणेवर आधी साधं लोखंड घासलंय तिच्यावर स्टेनलेस धरलं की लोखंडाचा कीस पात्यात बसतो आणि दोन दिवसांत धारेलगत ठिपके दिसतात. पांढऱ्या घासणीने आणि खाण्याच्या सोड्याच्या लगद्याने ते पूर्ण गेले आणि खाली खड्डा नसेल, तर पोलाद खरं आहे, साण घाणेरडी होती. विक्रेत्याशी भांडण्याआधी एवढं बघून घ्या.

विक्रेता ‘हा गंज नाही, पॅटिना (वापराने पोलादावर धरणारा रंगीत थर) आहे’ म्हणाला तर पांढरा टिश्यू किंचित ओला करून घासा. पॅटिना राखाडी, निळसर किंवा काळा असतो, नखाला गुळगुळीत लागतो आणि कागदावर येत नाही. गंज खरखरीत लागतो, कागद तपकिरी होतो. आणि पॅटिना कार्बन पोलादावरच धरतो, तेव्हा स्टेनलेस म्हणून विकलेल्या पात्याबद्दल हा शब्द निघाला की विकणाऱ्याने स्वतःच कबुली दिली असं समजा.

डाग पुसण्याआधी फोटो काढा: धारेचा जवळून, पूर्ण पात्याचा, आणि मिठाच्या चाचणीचा कागद पात्याशेजारी ठेवून. जाहिरातीतलं ‘गंजत नाही’ हे वाक्य स्क्रीनशॉटमध्ये घ्या, ते नंतर बदललं जातं. दोन प्रश्न लेखी विचारा: पोलाद कोणतं, आणि पात्यावर मुलामा आहे का. फोनवर मिळालेलं उत्तर धरू नका. सुरी परत पाठवताना पूर्ण कोरडी करून धार पुठ्ठ्यात गुंडाळा, नाहीतर ‘वाटेत गंजली’ म्हणायला त्याला जागा राहते.