पुठ्ठ्याचा चक्रव्यूह की झाकणांचा मनोरा?
फोंड्याच्या मावसबहिणीने विचारलं: चवथीच्या सुट्टीत लेकाबरोबर घरीच गोटी घरंगळवत न्यायचा पुठ्ठ्याचा चक्रव्यूह बनवू की हनोईचा मनोरा, म्हणजे झाकणांची चळत एका बशीतून दुसऱ्या बशीत हलवायचं कोडं?

खर्च दोन्हींचा जवळपास शून्य. चक्रव्यूहाला मात्र कापाकापी, खळ आणि अख्खी दुपार लागते. मनोऱ्याला लहानमोठी झाकणं नि तीन बशा पुरतात. शिवाय आपल्या पावसात पुठ्ठा लगेच मऊ पडतो.

डोकं? मनोऱ्यात एका वेळी एकच झाकण हलवायचं, लहानावर मोठं ठेवायचं नाही. तीन झाकणांना किमान ७ चाली, चारांना १५, पाचांना ३१. 'दुप्पट अधिक एक' हे मुलाला स्वतःच सापडू दे, आधी सांगू नकोस! चक्रव्यूहात रस्ता त्यानेच आखलेला, अडला तर त्यानेच बदलायचा.

हात शिवशिवणाऱ्याला चक्रव्यूह, तोही पाऊस सरल्यावर. एका जागी रमणाऱ्याला मनोरा.