स्वतःचे नाव की बक्षीस: लक्ष आधी कोठे वळते?

सोलापूरच्या गड्डा यात्रेत एका भोंग्यावरून चादरींवरची सवलत आणि दुसऱ्यावरून हरवलेल्यांची नावे पुकारली जात होती. त्या गलबल्यात माझे आडनाव कानी पडताच हातातली चादर तशीच धरून मी वळले, सवलतीचा आकडा मात्र दुकानदाराला पुन्हा विचारावा लागला.

जी सुई, शुन हे आणि ग्लिन हम्फ्रीज या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्रिकोण, वर्तुळ, चौकोन अशा साध्या आकारांना ‘मी’, ‘मित्र’, ‘अनोळखी’ अशी ओळख जोडली, तेव्हा ‘मी’चा आकार लोकांनी अधिक झटपट आणि अचूक ओळखला. आकारांना कमी-अधिक रक्कम जोडली असता मोठ्या रकमेच्या आकारालाही तसाच लाभ मिळाला.

म्हणून ‘मी’ म्हणजे मेंदूच्या लेखी बक्षीसच, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. बक्षिसाचे मोल रकमेबरोबर चढते-उतरते. ‘मी’ची ओढ मात्र कोणी काही देऊ न करताही टिकते. अर्थात नावही हमखास नव्हे: मानसशास्त्रज्ञ नेव्हिल मोरे यांच्या १९५९ च्या प्रयोगात दोन कानांत वेगवेगळे बोलणे ऐकवून एकाकडेच लक्ष द्यायला सांगितले, तेव्हा दुसऱ्या, दुर्लक्षित कानात पडलेले स्वतःचे नाव सुमारे एक तृतीयांश जणांनीच टिपले.