आयएसओ १४०५१चं सर्टिफिकेट कुणी देऊ केलं तर आधी हे वाचा

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं निकेल प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. कारखान्यातलं काम दीर बघतात, हिशेब मी. मागच्या वर्षी आमच्याकडून काम करून घेणाऱ्या एका मोठ्या पार्टीने पाणी, वीज, घातक कचरा या सगळ्याचे आकडे मागितले. सेबीने २०२२-२३पासून पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर अहवाल (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा) सक्तीचा केलाय, त्यामुळे ही विचारणा त्यांचं काम करणाऱ्या आमच्यासारख्यांपर्यंत येते.

दांडिया बाजारातल्या ओळखीतून एक सल्लागार घरी आला. आपला मराठी माणूस म्हणून विश्वास टाकला. "वहिनी, पर्यावरणाचा हिशेब आणि १४०५१चं सर्टिफिकेट, पंधरा दिवसांत दोन्ही. बिलांचे फोटो तेवढे पाठवा." ८५ हजार आगाऊ घेतले. कारखान्यात एकदाही फिरकला नाही.

पार्टीच्या ऑडिटरने सर्टिफिकेट बघताच बाजूला ठेवलं. १४०५१ म्हणजे मटेरियल फ्लो कॉस्ट अकाउंटिंग, कच्चा माल कुठे किती वाया जातो त्याचा खर्च मांडायची पद्धत. २०११चं ते मानक फक्त मार्गदर्शनासाठी आहे, त्याचं सर्टिफिकेट नसतंच. १४००१चं, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं, असतं, पण तेही आयएसओ स्वतः देत नाही. मग त्यांनी अहवालात बोट ठेवलं: कूलिंग टॉवरला रोज १२ हजार लिटर पाणी. आमच्याकडे कूलिंग टॉवरच नाही! दुसऱ्याच कुणाचा अहवाल, वर आमचं नाव आणि खाली माझी सही. दीर एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

मग मीच बिलं घेऊन बसले. कचऱ्याचा खर्च म्हणजे स्लज (सांडपाण्यातला गाळ) नेणाऱ्याचं बिल, एवढंच आम्ही धरत होतो, तेही किरकोळ खर्चात. पण माल टांगलेला रॅक बाथमधून (निकेलच्या द्रावणाच्या टाकीतून) वर काढला की मालावरून निकेलचं पाणी ओघळतं, ते रिन्सच्या (धुण्याच्या) टाकीत जातं, तिथून ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) आणि शेवटी स्लजच्या पोत्यात. म्हणजे निकेल सल्फेट विकत घ्या, ते धुवायला पाणी, खाली बसवायला केमिकल, आणि स्लज उचलून नेण्याचे पैसे. चार खर्च चार खात्यांत विखुरलेले. एकत्र मांडले तेव्हा उचलण्याचं बिल त्यात सगळ्यात लहान निघालं. आता पोरं रॅक बाथवरच दहा सेकंद जास्त निथळू देतात.

असा सल्लागार आला तर पैशाचं बोलण्याआधी त्याला ईटीपीपाशी न्या, फॉर्म १०ची मॅनिफेस्ट फाईल (घातक कचरा कुठे पाठवला त्याची नोंद) त्याच्या हातात द्या आणि काय विचारतो ते बघा. आणि पक्कं बिल मागा. आम्ही मागितलं नाही. पोलिसांत अर्ज दिलाय, पण पुरावा म्हणून आमच्याकडे व्हॉट्सअॅपवरचे मेसेज तेवढे आहेत.