ऑगस्टमध्ये विकला जाणारा सोन्याचा क्लेम

कॅलिफोर्नियात सोन्याचा क्लेम, म्हणजे सरकारी जमिनीवर सोनं काढायचा नोंदवलेला हक्क, विकत घ्यायचं मनात असेल आणि विकणारा ऑगस्टमध्ये घाई करत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आम्ही तिघा मित्रांनी मिळून ४,२०० डॉलर घातले. परत मिळतील असं आता वाटत नाही.

१८४८ च्या जानेवारीत कोलोमाच्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोनं दिसलं आणि सिएरा नेवाडा डोंगरांच्या पायथ्याच्या नद्या लोकांनी अक्षरशः उपसून काढल्या. तरी अजून थोडं थोडं सापडतं. सॅक्रामेंटोच्या आसपास राहणारे आमच्यासारखे बरेच हौशी शनिवार-रविवारी पॅन घेऊन नदीवर जातात. दिवसभर वाळू धुवायची, संध्याकाळी बाटलीत चार चमकते कण. पेट्रोलचे पैसेही सुटत नाहीत, पण नाद लागतो. आणि नाद लागला की कधीतरी वाटतंच, आपला स्वतःचा ओढा असावा.

तिथे हा क्लेमचा बाजार सुरू होतो. १८७२ चा खाण कायदा अमेरिकेत अजून लागू आहे. मोकळ्या सरकारी जमिनीवर एका माणसाला २० एकरांपर्यंतचा प्लेसर क्लेम, म्हणजे नदीच्या गाळातल्या सोन्यावरचा हक्क, नोंदवता येतो. जमीन सरकारचीच राहते. तिथे बंगला बांधता येत नाही, फिरायला आलेल्यांना हाकलता येत नाही; खनिज काढण्याचा हक्क तेवढा तुमचा. ‘तुमची स्वतःची २० एकर जमीन’ अशी जाहिरात दिसली तर विकणारा कसा आहे ते तिथेच कळतं. आमच्या जाहिरातीत हे वाक्य होतंच, शिवाय पाण्यात गाळ ओढणाऱ्या सक्शन ड्रेजचा झकास फोटो. कॅलिफोर्नियात २००९ पासून ड्रेज चालवायला बंदी आहे.

नमुना म्हणून विकणाऱ्याने पिशवीभर वाळू टपालाने पाठवली. धुतली तर पॅनमध्ये कण लख्ख. आमच्यातला एक कोल्हापूरच्या सोनारघरातला. त्याच्या आजोबांच्या दुकानातला केर झारेकरी, म्हणजे केरातून सोनं गाळणारे, विकत न्यायचे, त्यामुळे मातीतलं सोनं कसं दिसतं हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. तो म्हणाला, ‘‘अरे, हे सगळे कण एका मापाचे कसे? चाळून टाकल्यासारखे वाटतायत.’’ खरं होतं ते. नदीच्या गाळात बारीक-मोठं सगळं एकत्र येतं, आणि सोन्याबरोबर लोहाची काळी वाळू असतेच असते. या पिशवीत ती जवळजवळ नव्हतीच. पण नमुना कुणीही चांगलाच पाठवणार, असं म्हणून विषय संपला.

खरी मेख मात्र कॅलेंडरात होती.

अशा प्रत्येक क्लेमची वार्षिक फी १ सप्टेंबरपर्यंत बीएलएमकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन खात्याकडे, भरावी लागते. २० एकरांमागे ती आधी १६५ डॉलर होती, २०२४ पासून २०० झाली. दहा किंवा त्याहून कमी क्लेम असलेल्या छोट्या मालकाला माफी मिळू शकते, पण तो अर्जही त्याच तारखेच्या आत करावा लागतो आणि वर्षभरात ठरावीक काम केल्याचं दाखवावं लागतं. फी नाही, अर्जही नाही, तर क्लेम आपोआप रद्द. आधी नोटीस येत नाही, सुनावणी होत नाही. आणि क्लेम रद्द झाला की कुणीही तिथे नवा क्लेम टाकू शकतो. पूर्वीचा मालकसुद्धा.

आमचा सौदा ठरला ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. ‘‘फी भरलेली आहे,’’ असं त्याने लिहून दिलं, आणि ते खोटं नव्हतं. भरलेली होती, त्या महिनाअखेरपर्यंतची. ‘‘पुढच्या वर्षाचे २०० आणि नाव बदलण्याचं शुल्क मला द्या, मी शेजारच्या नेवाडा राज्यात राहतो पण बीएलएमचं काम नेहमी मीच करतो, तुम्हाला कशाला त्रास,’’ असंही म्हणाला. पैसे बँकेतून झटपट हस्तांतरणाने मागितले. त्याने पाठवलं ते क्विटक्लेम डीड, आपल्याकडच्या हक्कसोडपत्रासारखं. ‘माझा यात जो काही हक्क असेल तो मी तुम्हाला सोडतो’ एवढंच त्यात असतं. हक्क आहे याची हमी नसते. काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्हा कचेरीत, ते नोंदवलंही गेलं. शिक्का पाहून आम्ही खूश. पण काउंटीची नोंद वेगळी आणि बीएलएमची वेगळी. विक्रीनंतर ६० दिवसांत बीएलएमकडेही हस्तांतर कळवावं लागतं. ते त्याने कळवलं नाही आणि फीही भरली नाही. खात्याच्या लेखी मालक तोच राहिला, त्यामुळे आम्हाला कुठून काही कळण्याचा प्रश्नच नव्हता.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही डबे, खुर्च्या, पॅन असा लवाजमा घेऊन गेलो. ओढा होता, कोपऱ्यांवर खांब होते, चार कणही मिळाले. त्या दिवशी तो क्लेम मेलेला होता. आम्ही मेलेल्या क्लेमवर बसून थालीपीठ खाल्लं.

मग बर्फ. सिएराच्या वरच्या भागातले रस्ते हिवाळ्यात बंद होतात आणि थेट वसंतात मोकळे होतात. विकणाऱ्याचा सगळा हिशेब या बर्फावर बसवलेला. फसल्याचं कळेपर्यंत सहा-आठ महिने उलटतात, बँकेत तक्रार करायची मुदत निघून जाते आणि जाहिरात तर कधीच गायब झालेली असते.

मे महिन्यात गेलो तेव्हा खांबाला नवी प्लास्टिकची नळी ठोकलेली, आत नव्या क्लेमची नोटीस, तारीख ऑक्टोबरची, नाव भलत्याचंच. ओढ्यावर रेनोहून आलेलं एक वयस्कर जोडपं पॅनिंग करत होतं. आधी थोडी बाचाबाची झाली. त्यांना वाटलं आम्ही घुसखोर, आम्हाला वाटलं ते. मग गाडीच्या बॉनेटवर दोघांचे कागद पसरले. विकणाऱ्याची नावं वेगळी, पोस्टाची पेटी एकच.

तिथून आम्ही सगळे डाउनीव्हिलला काउंटी रेकॉर्डरकडे गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे नोंदी काढून दिल्या. तोच २० एकरांचा तुकडा: शरद ऋतूत नोंद, पुढे विक्री, सप्टेंबरात रद्द, पुन्हा नव्या नावाने नोंद, पुन्हा विक्री. मागची पानं उलटली तर हेच. नव्याने क्लेम टाकायला बीएलएमचं पहिल्या वर्षाचं शुल्क ३०० डॉलरच्या आसपास पडतं. म्हणजे ३०० घालायचे आणि चार हजार काढायचे, वर जागा तशीच हातात.

यात आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट आहे. आमच्यातला तिसरा एच-१बी व्हिसावर आहे. क्लेमचा मालक अमेरिकेचा नागरिक असावा लागतो किंवा त्याने नागरिकत्वासाठी अर्ज केलेला असावा लागतो. विकणाऱ्याने हे विचारलं नाहीच, उलट ‘‘त्याने काही फरक पडत नाही,’’ असं लिहून मोकळा झाला. सौदा खरा असता तरी त्या मित्राचं नाव तिथे टिकलं नसतं.

शेरीफच्या कचेरीने हा दिवाणी वाद आहे म्हणून सांगितलं. एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे तक्रार केली आहे, उत्तराची वाट पाहतो आहोत. कॅलिफोर्नियाच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, पण प्रतिवादी दुसऱ्या राज्यात बसलेला असला की त्याला इथे खेचून आणणं अवघड.

नुसती हौस भागवायची असेल तर खरं म्हणजे क्लेम लागतच नाही. साउथ युबा नदीच्या सरकारी पट्ट्यात हाताने पॅनिंग करता येतं. कोलोमाच्या उद्यानातही ठरवून दिलेल्या काठावर चालतं. घ्यायचाच असेल तर बीएलएमच्या एमएलआरएस या संकेतस्थळावर क्लेमचा अनुक्रमांक टाकून तो चालू आहे की बंद हे फुकट बघता येतं. मात्र सप्टेंबरात तिथल्या नोंदी लगेच बदलत नाहीत, त्यामुळे ‘चालू’ दिसलं तरी फीची पावती मागा.

रेनोच्या जोडप्याचा क्लेम तेव्हा जिवंत होता, कारण त्यांची खरेदी हिवाळ्यातली. आमच्याशी बोलणं झाल्यावर त्यांनी विकणाऱ्याची वाट पाहिली नाही. सॅक्रामेंटोच्या बीएलएम कार्यालयात स्वतः जाऊन हस्तांतर नोंदवलं, फी भरली आणि जुलैत आम्हाला पावतीचा फोटो पाठवला. कुणी या उन्हाळ्यात असा क्लेम घेतला असेल, तर १ सप्टेंबरच्या आत तेवढं स्वतःच्या हाताने करून टाका.