नाकातला दात: आत्ता काढायचा की थांबायचं?

बाळाला वरचा दात आधी आला की मामाला जड, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या भाच्याला तर तो नाकातच आला. मामा अजून धडधाकट आहे.

पोट्टा अकरा वर्षांचा, यवतमाळकडच्या खेड्यातला. दीड वर्ष उजवी नाकपुडी चोंदलेली. रुमालावर पिवळट डाग, त्याला कुबट वास, आणि उन्हाळ्यात दोनदा घोळणा फुटला. जवळच्या दवाखान्यात आधी सर्दीच्या गोळ्या मिळाल्या, मग ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं निदान झालं. शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली. नाकपुडीच्या तळाशी लालसर मांसातून काहीतरी पांढरं डोकावत होतं. सळईनं हात लावला तर टक्क! बहीण म्हणाली, “नाकात का दात येते का जी?”

येतो. क्वचित, पण येतो. जबड्यात दाताचा अंकुर भलत्या जागी बसला किंवा उलटा फिरला की तो खाली न उतरता वर नाकाकडे चढतो. जन्मतः टाळू फाटलेला असणं, तोंडावर लागलेला मार, दातांची दाटी ही त्याची काही कारणं. बऱ्याचदा कारण सापडतच नाही. अमेरिकेत ३८ वर्षांच्या एका माणसाला कित्येक वर्षं उजव्या नाकपुडीतून नीट श्वास घेता येत नव्हता, आणि आतून १४ मिलिमीटरचा दात निघाला. ही केस २०२२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती.

आता घरातला वाद. भाटव्यांचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं म्हणणं, “पेरनी होऊ द्या, मंग पाहू.” बहिणीला दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन हवं होतं. दोघांच्याही बाजूला थोडं थोडं खरं आहे.

थांबण्याची बाजू मुलांच्या बाबतीत खरंच वजनदार आहे. वरच्या मधल्या दातांची मुळं साधारण दहाव्या वर्षी पूर्ण होतात, सुळ्यांची तेरा ते पंधराच्या दरम्यान. कच्च्या मुळाशेजारी हत्यार चालवलं तर पक्का दात कायमचा दुखावू शकतो. म्हणून मूल लहान असेल, नाक वाहत नसेल, रक्त येत नसेल आणि दात या मुळांना चिकटून असेल, तर डॉक्टर स्वतःच थांबायला सांगतात. पण दात नाकात उघडा पडून पू धरू लागला की थांबण्यात काहीच कमाई नाही. सायनस बिघडतो, क्वचित बुरशी धरते, नाकाच्या पडद्याला भोकही पडू शकतं. मोठ्या माणसाची मुळं कधीच पक्की झालेली असतात, त्यामुळे त्रास सुरू झाल्यावर त्यानं वाट पाहू नये, असं माझं मत.

आणि थांबायचंच ठरलं तर पुढची तारीख कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे पेरणीनंतर डवरणी, मग सोयाबीन, मग कापसाची वेचणी. ‘नंतर’ नावाचा महिना येतच नाही.

निर्णयाआधी एक सोपं काम घरीच करा: तोंडातले दात मोजा. वयाप्रमाणे सगळे असतील तर नाकातला बहुतेक जास्तीचा, त्याचा मोह नको. एखादा यायचं वय उलटूनही दिसत नसेल, तर नाकात गेलेला कदाचित तोच. मग दातांच्या डॉक्टरांना पुढच्या जागेचाही विचार करावा लागतो. साध्या एक्स-रेत दात दिसतो, पण शेजारच्या मुळापासून किती दूर आहे ते सीटी स्कॅनमध्येच नीट कळतं. तिथं पैसे वाचवू नका.

काढायचा कुठून? नाकात उघडा आलेला दात दुर्बिणीनं नाकातूनच निघतो: बाहेर व्रण नाही, रक्त कमी, बहुतेक लवकर सुट्टी. टाळूच्या हाडात रुतलेला असेल तर टाळूतून किंवा वरच्या ओठाखालून जावं लागतं. तिथं टाके येतात, काही दिवस मऊ भात-वरण खावं लागतं, आणि नाक व तोंड यांच्यात भोक राहण्याचा थोडा धोका असतो. मुलांना बहुधा पूर्ण भूलच देतात.

दवाखाना निवडताना नाक-कान-घसा आणि दंतविभाग एकाच आवारात असलेला पाहा. नागपूरला ‘मेडिकल’ आणि ‘डेंटल’ ही सरकारी रुग्णालयं शेजारी-शेजारी आहेत, वर्ध्याजवळ सावंगीतही तसंच. खाजगीत तारीख लवकर मिळते, पण दोन डॉक्टरांच्या दोन गावी चकरा होऊ शकतात. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत हे बसतं का, ते भरती होण्याआधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या माणसाला) विचारा. शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवा.

आमच्या पोट्ट्याचे तोंडातले दात वयाप्रमाणे पूर्ण भरले, मधल्या दातांची मुळं पक्की निघाली, दात सुळ्यापासून दूर होता आणि नाक तर वाहतच होतं. पेरणीच्या आधी, शाळा उघडायच्या आत, नाकातून काढला. आजी म्हणाली कौलावर फेक. त्यानं तो कंपासपेटीत ठेवलाय, वर्गात दाखवायला.