गांडूळखताचा ट्रेवाला डबा: ११ महिन्यांनंतर, आणि मुख्यतः त्याच्या तोटीबद्दल

परवा सकाळी तोटी हातात आली. पाणी काढायला फिरवली, कट्ट असा आवाज झाला आणि अर्धी माझ्या हातात, अर्धी डब्यात. तळातलं काळं पाणी टेरेसभर पसरलं, पार तुळशीच्या कुंडीपर्यंत. ११ महिन्यांत या डब्याबद्दलचं माझं मत तीनदा फिरलं, तोटीबद्दलचं एकदाही नाही. कुणी हा डबा घ्यायच्या विचारात असेल तर ट्रे किती, रंग कोणता, झाकण कसं, हे सगळं नंतर बघा. आधी खाली वाकून तोटी बघा.

डबा तोच, बहुतेकांनी पाहिलेला: एकावर एक चार जाळीदार ट्रे, तळाला पाणी साठायचं भांडं, खाली चार पाय. ३,४०० रुपये, आणि अर्धा किलो गांडुळांचे वेगळे २५०. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर घेतला. आम्ही कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, घरात चौघं, टेरेस पश्चिमेला. खरं तर सोसायटीत गांडूळखताचा खड्डा आहे. गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर पुणे महापालिका मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ टक्के सवलत देते, दोन असतील तर १०. आमच्या खड्ड्यात मी मात्र आजवर एकही गांडूळ पाहिलेलं नाही. फुटक्या फरश्या आणि कुंड्या आहेत. ते बघून जीव तुटतो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या शहराचा कचरा इतकी वर्षं सोसला, निदान आपल्या घरातली सालं आपल्या घरात जिरावीत, एवढंच मनात होतं.

पहिले तीन महिने मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हा डबा कौतुकाने दाखवला. खाली कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तेही दोनदा धुऊन, कारण त्यात मीठ असतं आणि गांडुळाची कातडी उघडी, ओली. ते श्वाससुद्धा तिच्यातूनच घेतं. त्यावर मूठभर जुनं शेण, पार्सलच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून, आणि मग रोज पाव किलो ओला कचरा. दुधीची सालं, कोथिंबिरीची देठं, धुतलेला चहाचा चोथा. लिंबाच्या साली, तेलाचं किंवा मिठाचं काही नाही. अंड्यांची टरफलं वाळवून मिक्सरमधून काढते. गांडुळाला दात नसतात, पोटातल्या पेषणीत अन्न दळायला त्याला असली बारीक कच लागते, शिवाय आंबटपणाही कमी होतो. वास म्हणाल तर पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा. सासूबाई सुरुवातीला टेरेसवर जायला तयार नव्हत्या. दिवाळीपर्यंत त्याच विचारायला लागल्या, "अगं, त्यांना आज काही घातलंस का?"

जानेवारीत एक चूक झाली, ती माझी. सासवडचे मटार स्वस्त झाले म्हणून पाच किलो आणले आणि सगळी टरफलं एकाच दिवशी वरच्या ट्रेत ओतली. दुसऱ्या दिवशी हात घातला तर आत चक्क गरम. हिरवा कचरा एकदम ढिगाने घातला की तो कुजताना तापतो. गांडुळं कडेच्या भिंतीवर आणि झाकणाला चिकटून बसली होती. टरफलं काढली, वाळलेला पाला मिसळून थोडी थोडी घातली, निभावलं. वाळक्या पाल्याची पुण्यात खरं तर ददात नाही, आणि तो जाळण्यापेक्षा देणारा-घेणारा जोडून द्यायचं काम इथे 'ब्राऊन लीफ' करतंच आहे. एक पोतं पाला घरात असल्याशिवाय कुणी गांडुळं आणू नयेत. ओल्याच्या जोडीला कोरडं हवंच.

फेब्रुवारीत खालचा ट्रे तयार झाला. चार किलो भरलं, काळं, चहाच्या भुकटीसारखं. ते कुंड्यांत घातलं आणि पंधरा दिवसांत प्रत्येक कुंडीत टोमॅटो उगवला, एका कुंडीत पपई, एकीत भोपळा. गांडूळखत तापत नाही, त्यामुळे कचऱ्यातल्या बिया जिवंत राहतात. काहींना याचा त्रास होतो. मला इतका आनंद झाला की रोपं उपटवेनात, शेजारी वाटली.

आता तोटी. तिचं भोक तळापासून बोटभर वर आहे. म्हणजे पूर्ण उघडली तरी त्या पातळीखालचं पाणी कधीच बाहेर येत नाही. डिसेंबरात एकदा मी सगळे ट्रे उतरवून तळाचं भांडं बादलीत उलटं केलं आणि मोजलं: सव्वा लिटर. ते पाणी तिथे दोन महिने कुजत होतं. भाजीपाल्यात बहुतेक पाणीच असतं आणि प्लास्टिक काही शोषून घेत नाही, म्हणजे ते सगळं खाली उतरणार, हे डबा करणाऱ्याला माहीत असायला हवं. गांडूळ स्वच्छ पाण्यात लगेच मरत नाही, पाण्यात प्राणवायू आहे तोवर तगतं. कुजक्या पाण्यात तो उरतच नाही. विकणारे याच पाण्याला 'व्हर्मीवॉश' म्हणतात, तेही बरोबर नाही. व्हर्मीवॉश म्हणजे गांडुळांच्या तयार थरातून स्वच्छ पाणी झिरपवून घेतलेला अर्क, आणि हे म्हणजे कचऱ्याचा निथळा. मी तो एकदा तसाच कढीपत्त्याला घातला, पानांच्या कडा करपल्या. आता दहापट पाणी घालते आणि आंबूस वास आला तर सरळ ओतून देते.

डिसेंबरात मागच्या दोन पायांखाली फरशीचे तुकडे ठेवून डबा पुढे कलता केला. तरी अर्धा लिटर उरायचंच.

एप्रिलमध्ये मत फिरलं. पारा चाळिशीला टेकला आणि आमची पश्चिमेची टेरेस दुपारी दोनपासून भाजते. डब्यात तापमापक खोचला, ३६ अंश. पाकिटावर 'रेड विगलर' लिहिलं होतं, म्हणजे आयसेनिया फेटिडा. त्याला २५ अंशांच्या आसपास बरं वाटतं, पस्तिशीच्या वर ते टिकत नाही. डबा बाथरूमच्या दाराशी सावलीत आणला, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, तरी रोज थोडी मरतच होती. प्लास्टिकपेक्षा मातीचा माठ बरा, पैसे वाया गेले, असं मी तेव्हा मैत्रिणींना ठामपणे सांगितलं.

ते मत मी जूनमध्ये मागे घेतलं. पहिल्या वळवाच्या रात्री, गडगडाट सुरू होताच, शेकडो गांडुळं डब्याबाहेर आली. सकाळी टेरेसभर, भिंतीवर, चपलांतसुद्धा. मी आधी डब्यालाच दोष दिला. नंतर बॅटरीच्या उजेडात नीट पाहिलं, तर ही अंगावर पट्टे असलेली रेड विगलर नव्हतीच. सडपातळ, जांभळट, उजेडात निळी झाक मारणारी, आणि हात लागताच सळकन उसळणारी. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस, आपलं देशी निळं गांडूळ. पाऊस आला की पळ काढायची याची ख्याती आहे. पाकिटात सरमिसळ आली होती आणि उन्हाळ्यात तगली होती ती हीच. उकाड्यात मला ज्यांचा भरवसा नव्हता त्यांनीच डबा चालू ठेवला. तेव्हापासून वळवाच्या रात्री टेरेसचा दिवा चालू ठेवते, उजेडात ती वर येत नाहीत.

आणि मग जुलै. नऊ दिवस रत्नागिरीला गेले होते. निघण्याआधी विक्रेत्याला फोन केला होता. तो म्हणाला, "मॅडम, तोटी उघडी ठेवा, खाली मगा ठेवा, काही होत नाही." तशीच ठेवली. परत आले तर जिन्यातच वास. तोटीच्या तोंडाशी गाळ आणि दोन-तीन गांडुळं अडकून ती बंद झाली होती, पश्चिमेची झड झाकणातून आत गेली होती, तळाचं भांडं भरून सगळ्यात खालचा ट्रे पाण्यात उभा. त्यातली सगळी मेली होती. मी ते तुटलेल्या फरशीवर पसरलं, काही हलतंय का पाहत बसले. काहीच हललं नाही. नऊ महिने रोज पाव किलोच्या मापाने ज्यांना घातलं होतं, ती ती होती.

फोन केला. आधी म्हणाला, तुम्ही पाणीदार कचरा जास्त घातला असेल. मी वहीतली वजनं वाचून दाखवली. मग म्हणाला, तोटी वॉरंटीत येत नाही. विकत द्या म्हटलं. "तोटी सुटी मिळत नाही, पूर्ण तळ घ्यावा लागेल, ९५० आणि कुरिअर वेगळं." त्या तळालाही भोक बोटभर वरच आहे का, असं विचारलं. तर "मॅडम, डिझाइन तेच आहे."

९५० रुपये मी दिले नाहीत, देणारही नाही.

ऑगस्टमध्ये वरचा ट्रे हलवताना त्यात मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबाच्या आकाराचे तपकिरी कोष दिसले. गांडुळाचे कोष साधारण तीन आठवड्यांत फुटतात. आठवडाभराने भोपळ्याच्या सालीखाली दोऱ्यासारखी पांढुरकी पिल्लं. सासूबाईंना भिंग देऊन दाखवली, त्या बराच वेळ बघत राहिल्या.

हिशेबाचं सांगते. ११ महिन्यांत चाळून १३ किलो खत निघालं. नर्सरीतल्या पिशवीच्या ३० रुपये किलोच्या दराने ३९० रुपये. डब्याचे पैसे निघायला आणखी सात वर्षं. समोरच्या काकूंनी भाजीवाल्याचे दोन जुने क्रेट १६० रुपयांत घेतले, आत गोणपाट घातलं आणि माझ्याच गांडुळांतली मूठभर नेली. त्यांचं खत माझ्याइतकंच चांगलं. त्यामुळे ऑगस्टपर्यंत मी सगळ्यांना क्रेटच घ्या म्हणत होते. पण काकूंचा क्रेट मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी मागायचा, एकदा त्या दोन दिवस गावाला गेल्या तर वाळून कडक झाला. माझ्या डब्याला उन्हाळाभर पाणी घालावं लागलं नाही. जो ओलावा पावसाळ्यात जिवावर उठला त्यानेच उन्हाळा काढला. म्हणून आता म्हणते: घरी रोज कुणी असेल तर क्रेट. नोकरी-फिरती असेल तर डबा, पण तोटी बदलूनच. ओला कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई परवाच म्हणाल्या, "ताई, तुमची बादली हल्ली हाताला लागत नाही." हे मात्र दोन्हींत सारखंच.

तुटलेली तोटी घेऊन मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. अर्धा इंची टाकी निपल, एल्बो, प्लास्टिकचा नळ, टेफ्लॉन टेप, सगळे मिळून १६५ रुपये. दुकानातल्या दादांनी तळालाच, अगदी खालच्या कोपऱ्यात, भोक पाडून दिलं. निपलच्या आतल्या तोंडावर जुन्या चहाच्या गाळणीची जाळी बसवली, म्हणजे गांडुळं आत जायची नाहीत. जुनं भोक एम-सीलने बुजवलं. पाय असल्यामुळे खाली एल्बोला जागा मिळाली, पायांचा एवढा उपयोग झाला.

काल रात्री झोपण्याआधी खालून बोट फिरवून पाहिलं, कोरडं होतं. आज सकाळी नळ उघडला. अर्धा कप पाणी आलं आणि थांबलं. ट्रे उचलून बॅटरीने आत पाहिलं, तळाला काही उरलं नव्हतं.