प्रॉडक्ट डिझाइनसाठी दहावीनंतर काय: अकरावी-बारावी की तंत्रनिकेतन?

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यात दहावी झालेल्या आणि पुढे प्रॉडक्ट डिझाइन, म्हणजे रोजच्या वापराच्या वस्तूंची रचना, शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मुख्यतः दोन रस्ते असतात. एक म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावी करून डिझाइनच्या प्रवेशपरीक्षा देणे आणि दुसरा म्हणजे रत्नागिरी किंवा मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेणे. सीबीएसईच्या कौशल्य विषयांत ‘डिझाइन’ आहे, परंतु शाळेने तो विषय सुरू केला असेल तरच त्याचा उपयोग. इंग्लंडमध्ये ए लेव्हलच्या (आपल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेच्या) प्रॉडक्ट डिझाइनचे निम्मे गुण लेखी परीक्षेला असतात आणि उरलेले निम्मे एका प्रकल्पाला, ज्यात विद्यार्थी कोणाची तरी खरी अडचण शोधतो, तिच्यावर वस्तू रचतो, घडवतो आणि तपासून पाहतो. त्या मापाने पाहिले तर आपल्याकडच्या बारावीत हाताने घडवणे जवळजवळ नाही आणि पदविकेत वस्तू कोणासाठी घडवायची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

बारावीचा मोठा फायदा असा की दोन वर्षांत वाट मोकळी होते. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची (एनआयडी) प्रवेशपरीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. आयआयटी मुंबई घेत असलेली यूसीड ही डिझाइन पदवीची प्रवेशपरीक्षाही सर्व शाखांना खुली आहे, मात्र तिच्या गुणांवर प्रवेश देणाऱ्या काही संस्था भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित मागतात. यूसीडच्या 300 गुणांपैकी 100 गुण हाताने सोडवायच्या, रेखाटन आणि डिझाइनची समज तपासणाऱ्या भागाला असून, तिथे डोळ्यांसमोर नसलेली वस्तू योग्य कोनातून आणि प्रमाणात काढता यावी लागते. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्यांचा स्मरणचित्र आणि कर्तव्यभूमितीचा सराव इथे खरोखर कामी येतो, आणि ‘दहावीला वाढीव गुण मिळाले’ म्हणून तो पुढे सोडून देणे हे नुकसानीचेच आहे. यूसीडची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, तर एनआयडीची प्राथमिक परीक्षा इंग्रजीबरोबर हिंदीतही देता येते; मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

अडचण आहे ती विज्ञान शाखेच्या वातावरणाची. तिथे सगळा ओढा सीईटी, जेईई आणि नीटकडे असतो आणि चित्रकलेची वही उघडायला वेळच उरत नाही. यावर एक उपाय पालकांच्या नजरेतून हमखास निसटतो: ज्या महाविद्यालयांत द्विलक्षी (नेहमीच्या विषयांबरोबर एक व्यवसाय विषय शिकवणारे) अभ्यासक्रम आहेत, तिथे दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून 200 गुणांचा ‘यांत्रिकी देखभाल’ घेता येतो. त्यामुळे गणित-भौतिकशास्त्र कायम राहते आणि आठवड्यातून काही तास तरी हातात पाना-कानस येते.

तंत्रनिकेतनात हा भाग भरपूर मिळतो. कर्मशाळेत (वर्कशॉपमध्ये) जोडारीकाम (फिटिंग), सुतारकाम, वेल्डिंग आणि पत्र्याचे काम करावे लागते, आणि अभियांत्रिकी आरेखनात वस्तूचे समोरून, वरून व बाजूने दिसणारे रूप मापासह काढायची सवय लागते. पुढे डिझाइन करायचे नाही असे ठरलेच तर थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो किंवा नोकरीही धरता येते. सामान्य उत्पन्नाच्या घरासाठी ही बाजू हलकी नाही. उलट डिझाइनची पदवी घ्यायची तर पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागत असल्याने बारावीवाल्यापेक्षा एक वर्ष जास्त जाते. यूसीडला किमान तीन वर्षांची मान्यताप्राप्त पदविका चालते, पण परीक्षा फक्त दोनदा, तीही लागोपाठच्या वर्षांत देता येते. एनआयडीची अट बारावी किंवा समकक्ष परीक्षेची असून तिथे वयोमर्यादाही आहे, म्हणून पदविकेच्या विद्यार्थ्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरावा.

दोन्हीकडे जे शिकवले जात नाही ते कोकणात मात्र अंगणात पडलेले असते. हापूस देठासह उतरवला नाही तर चीक सालीवर ओघळून डाग पडतात आणि देठाकडून कूज सुरू होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘नूतन झेला’ या आंबे उतरवायच्या काठीत पात्याने देठ कापला जातो आणि फळ जाळीत पडते. लांब काठीच्या टोकाला किती वजन चालेल, पाते कोणत्या कोनात बसवावे, जाळीत किती फळे झाल्यावर गड्याचा खांदा भरून येतो, हे सगळे प्रॉडक्ट डिझाइनचेच प्रश्न आहेत. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी रंगवणाऱ्या कारागिराकडे दोन दुपारी बसले तरी लाकूड आणि रंग यांच्याविषयी पुस्तकाबाहेरचे बरेच कळते.

माझे मत विचारले तर, गणिताची भीती नसलेल्या आणि आयआयटी-एनआयडीवर नजर असलेल्या मुलीने किंवा मुलाने द्विलक्षी विषयासह विज्ञान शाखा घ्यावी. गणित नकोसे असेल आणि चित्रकला मनापासून आवडत असेल तर कला शाखा घ्यायला संकोच करू नये. ज्याचे हात वस्तू उघडल्याशिवाय स्वस्थ बसत नाहीत आणि ज्याला विशीत कमाईची शाश्वती हवी आहे, त्याने तंत्रनिकेतनात जावे; घरचे ‘डिप्लोमा म्हणजे कमी गुणांची सोय’ म्हणत असतील तर त्यांना एकदा कर्मशाळा दाखवून आणावे. कोणताही रस्ता धरला तरी अकरावीच्या वयातच एक अडचण निवडून तिची रेखाटने, पुठ्ठ्याचे नमुने आणि वापरणाऱ्याने दाखवलेल्या त्रुटी तारखांसह एका वहीत ठेवायला सुरुवात करावी.